सिन्नरचा सिंगळीक सासरी जातो

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. सरकारी कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक. पण सिन्नर तालुक्यात ज्याच्या हातात इंजेक्शन तो डॉक्टर, त्यामुळे वीस वर्षं लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. गाई भरवणं हे माझं मुख्य काम. माजावर आलेली गाय मी गोठ्याच्या दारातून ओळखतो. कुठल्या गाईला कुठल्या वळूच्या वीर्याची कांडी द्यायची आणि कुठल्या वळूची चुकूनही द्यायची नाही, हे मला कुठं बघावं लागत नाही. तेव्हा एका माकडाला दक्षिणेत सासरी पोचवायचं काम माझ्याकडं आलं, याचं मला काडीचं नवल वाटलं नाही. बायकोला मात्र वाटलं. ती म्हणाली, "का हो, तालुक्यातल्या गाई संपल्या का?"

ही सिंहस्थाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सर्कशीत माकडं नाचवायला तेव्हा बंदी आलेली होती. नांदगावकडं तंबू टाकून बसलेल्या एका फिरत्या खेळवाल्याकडं वनखात्याच्या लोकांना एक माकड मिळालं. खेळवाला ते आफ्रिकेचं म्हणून दाखवायचा. आफ्रिका कसली! काळं कुळकुळीत अंग, तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. पुस्तकात त्याला सिंहपुच्छ वानर म्हणतात, आणि कर्नाटकात सिंगळीक. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, दाट ओल्या रानात तेवढा तो राहतो. चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी ते रान तुटत गेलं तसा तोही संपत आला.

दक्षिणेत एका ठिकाणी या माकडांची पैदास करून वंश टिकवायचं केंद्र आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या मॅडमना प्रसिद्धीचा तिटकारा आहे. त्यांची अडचण अशी, की केंद्रातली सगळी माद्या-पिल्लं एकाच म्हाताऱ्या नराची. लेकी त्याच्या, नाती त्याच्या. अहो, एकाच वळूच्या लेकींना तोच वळू दाखवत राहिलं तर गोठ्याचं काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. कालवडी खुज्या होतात, गाभ टिकत नाही, आणि एक दिवस गोठा बसतो. त्यांना बाहेरच्या रक्ताचा नर हवा होता, आणि कित्येक वर्षांत मिळालेला असा नर हा एकच. हा तिथं पोचून, निरोगी ठरून, त्या घरात रुळला तर घराणं पुढं चालणार. नाहीतर आहे तेवढ्यावर कारभार आटोपला.

निघण्याआधीचे शनिवार

परवानग्या यायला संक्रांतीपासून चैत्र उजाडला. तोवर स्वारी सिन्नरजवळच्या खात्याच्या रोपवाटिकेत, मोठ्या पिंजऱ्यात. त्याच्या तब्येतीची जबाबदारी माझी.

खेळवाल्यानं त्याला लहानपणापासून माणसात वाढवलेलं. माणूस दिसला की गजाशी यायचा आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकायचा. पहिल्या शनिवारी शेजारच्या मळ्यातली एक आजी वाटीत तेल-शेंदूर घेऊन आली. म्हणाली, "आवो डाक्टर, साक्षात मारुतराया दारात आलाय, बोट तरी लावू द्या की." आता नाही कसं म्हणायचं? लावू दिलं. त्यानं डोकं वाकवून लावूनही घेतलं. पुढच्या शनिवारी आठ-दहा बाया आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी रांग लागली. कुणी कपाळाला, कुणी छातीला, कुणी आयाळीला. रुईच्या पानांचे हारही आले होते, पण ते मी दारातूनच परत पाठवले. रुईचा चीक विषारी, जनावराच्या पोटात जाऊन चालायचा नाही. "डॉक्टरचं लक्ष बारीक हाय," असं लोक बोलले आणि मला ते आवडलं.

हनुमान जयंतीला तर त्याला न्हाऊ घातल्यासारखा शेंदूर लागला. तेलातला शेंदूर तो बोटांनी पुसायचा आणि बोटं चाटायचा. आम्ही हसायचो. शेवटच्या पंधरवड्यात त्याचं खाणं जरा उतरलं होतं. मी म्हटलं, उन्हाळा आहे, उन्हाळ्यात माझंही उतरतं.

निघायच्या सकाळी मी स्वतः नारळ फोडला आणि स्वतःच्या बोटानं त्याच्या कपाळाला ठसठशीत टिळा लावला. नवरदेव बिनटिळ्याचा कसा पाठवायचा? मग आरोग्याच्या दाखल्यावर सही केली. त्यात एक ओळ छापलेली होती, की प्राण्यास नेमलेल्या आहाराखेरीज काहीही देण्यात आलेले नाही. मी ती वाचलीसुद्धा.

सातारा, धारवाड आणि पुढं

खात्याची जुनी जीप, मागं पिंजरा, पिंजऱ्यावर ओलं गोणपाट, आणि चालवायला रंगनाथ. रंगनाथ नांदगावचा. एकदा बोलायला लागला की संगमनेरपर्यंत थांबत नाही. पहाटे निघायचं, उन्हं चढली की सावली गाठायची, उन्हं कलली की पुन्हा निघायचं, असा बेत मी आखला होता. बेत आखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

साताऱ्याला कंदी पेढे घेतले. रंगनाथ म्हणाला, "डाक्टर, नवरदेवाला देऊ का येक?" मी म्हटलं, "खबरदार! दाखल्यावर सही केलीय मी." नवरदेवानं तसंही सकाळपासून केळाला हात लावला नव्हता.

"लय गप हाय वो," रंगनाथ म्हणाला.

"लग्न ठरल्यावर तू काय नाचत होतास का?" मी म्हटलं.

बेळगाव मागं पडलं तशी पाट्यांवरची अक्षरं गोल गोल झाली आणि आम्ही अडाणी झालो. पण एक गंमत सांगतो. आपल्याकडं वाटेत कुणी भेटलं की "कुठं निघाले?" म्हणून विचारतात. तिकडं जो तो "ऊटा आयिता?" म्हणतो. म्हणजे जेवण झालं का? पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस आम्हाला जेवायलाच बोलावतोय. रंगनाथ तर एका टपरीवाल्याला "नाय झालं, वाढा" म्हणून बसलासुद्धा. टपरीवाल्यानं हसून खरंच इडल्या वाढल्या. सांबार गोडसर होतं. नाशिकच्या मिसळीवर वाढलेल्या जिभेला ते म्हणजे आजाऱ्याचं जेवण, पण भूक होती, चार-चार हाणल्या.

चित्रदुर्गाच्या पुढं नाचणीचा उंडा मिळाला. गरम, गुळगुळीत, क्रिकेटच्या चेंडूएवढा. तो चावायचा नसतो, तोडून कालवणात बुडवून गिळायचा असतो. रंगनाथ चावत बसला आणि उंडा दाताला असा चिकटला, की पुढचे दहा मैल जीपमध्ये शांतता होती. प्रवासातलं तेवढंच सुख.

त्याच दुपारी एका देवळाच्या सावलीत थांबलो. देऊळ मारुतीचंच, पण आतली मूर्ती काळी, आणि तिला अंगभर लोण्याचा लेप! गळ्यात विड्याच्या पानांचा हार. शेंदराचा ठिपका नाही. पुजाऱ्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्याला मी विचारलं, "शेंदूर का नाही?" तो म्हणाला, "लोणी थंड असतं, देवाला बरं वाटतं." मी रंगनाथला म्हटलं, "बिनशेंदराचा मारुती म्हणजे बिनमिठाची भाकरी. यांना मारुती कळलाच नाही." रंगनाथनं मान डोलावली. मग पुजाऱ्यानं जीपमध्ये डोकावून माकड पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, "हा असा का थरथरतोय?"

मी गोणपाट वर केलं. माकडाचा उजवा हात गजावर होता आणि बोटं थरथरत होती. थंडीत थरथरतात तशी. चैत्राचं ऊन तापलेलं, आणि हा थरथरतोय.

"प्रवासाचा शीण," मी पुजाऱ्याला सांगितलं. मग फडकं ओलं करून त्याची आयाळ पुसली, पोळ्याच्या बैलासारखा तो नीट दिसला पाहिजे म्हणून. फडकं लाल झालं. धुऊन टाकलं आणि निघालो.

केंद्रात

म्हैसूरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी केंद्र आहे. फाटकावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, डोक्यावर जाळीची टोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हे सत्तारभाई. सगळी हयात माकडांत गेलेली. तिकडची दखनी बोलतात, आणि आपल्या मालेगावात ऐकलेल्या हिंदीच्या जोरावर मला ती समजली. पिंजऱ्यात बघून ते म्हणाले, "माशाल्ला, नर तो अच्छा है. पन इन्ने काँपता कायकू साब?"

मॅडम पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून कापलेलं. त्या पशुवैद्य, खऱ्याखुऱ्या. आमचं हिंदीत झालं ते मी मराठीत लिहितो. त्यांनी त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन टेबलावर घेतलं. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट घट्ट, वजन कमी. त्यांनी हिरडीची कड बोटानं दाबली, बराच वेळ बघितली.

"किती दिवसांपासून खात नाहीये?"

"पंधरा," मी म्हटलं. "उन्हामुळं."

"हा पंधरा दिवस तुमच्यासमोर वाळतोय, आणि तुम्ही ऊन म्हणता?" त्या म्हणाल्या. "माणसात वाढलेलं माकड आहे. माणसाचा क्षय याला लागू शकतो. क्षय असला किंवा मेंदूचा काही आजार असला, तर मी याला माझ्या इथल्या माकडांच्या कुटुंबाजवळ आणणार नाही. आज नाही आणि कधीच नाही."

"मग?"

"मग लांबच्या पिंजऱ्यात, एकटा. जगेल तोवर."

मी म्हटलं, "मॅडम, वीस वर्षं जनावरं बघतोय, हा शीण आहे." माझा आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

न रंगवलेले गज

दुसऱ्या दिवशी मला काही काम नव्हतं. तपासण्यांचे नमुने बंगळूरला गेले होते आणि मॅडम माझ्याशी बोलत नव्हत्या. मग सत्तारभाईंच्या मागं मागं फिरलो.

तिथला कुटुंबकबिला मी बांबूच्या झापाच्या आडून पाहिला. म्हातारी आजी, तिच्या तीन लेकी, दोन नाती आणि एक तान्हं. म्हातारा नर गेल्या वर्षी वारला होता. या माकडांत लेकी माहेरीच राहतात आणि मुलगा घर सोडून दुसऱ्याच्या घरी जातो. आपल्या उलट! सगळ्या बायांचं राज्य, आणि येणारा तो घरजावई. सत्तारभाई त्यांच्याशी चकार शब्द बोलत नव्हते. हाक नाही, हातानं घास नाही. खाणं बांबूच्या पेरांत, पालापाचोळ्यात लपवून ठेवायचं, त्यांनी शोधून खायचं. आपल्याकडं पाहुण्याला ताटावर बसवून आग्रह करतात. मला ते माणूसघाणं वाटलं. मी तसं बोललोही.

सत्तारभाई हसले. "साब, मेरे हात से खायेंगे तो मेरेकू माँ समझेंगे. फिर इनके बच्चे कौन पालेगा, मैं?"

पिंजऱ्यांचे गज सगळे उघडे, रंग न दिलेले, नुसतं जस्त चढवलेले. फाटकाला, पाण्याच्या टाकीला, कशालाच रंग नव्हता. सरकारी जागा आणि रंग नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "का हो, रंगाला मंजुरी आली नाही का?"

"नक्को साब, रंग नक्को," ते म्हणाले. "पैले था. लाल रंग, गंज नक्को लगना बोलके मारते ना, वो. एक मादी गज चाटती थी. खाना छोड दी, पेट बंद, हात काँपने लगे. ऐसेच, तुमारे नर के सरीके. चार दिन में मर गयी. बाद में मॅडम बोले, लाल रंग में शीसा रैता."

मी तिथंच पायरीवर बसलो.

शिसं. बॅटरीच्या पट्ट्या चाटून, रंगाचे डबे चाटून वासरं मरतात, हे मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीजवळ स्वतः पाहिलेलं. आणि त्या गंजाच्या लाल रंगात जे शिसं असतं, तोच आपला शेंदूर. हे मला नवं नव्हतं हो! प्रशिक्षणाच्या परीक्षेत प्रश्न आला होता, शिशाची विषबाधा कशाकशानं होते, आणि मी शेंदूर हे उत्तर लिहून मार्क घेतले होते. रुईचा हार दारातून परत पाठवणारा मी, आणि शेंदराची वाटी माझ्या डोळ्यांदेखत आत जात होती. शनिवारमागून शनिवार. मारुतीचा शेंदूर माझ्या डोक्यात विषांच्या यादीत कधी बसलाच नाही. देवाचा होता ना तो.

खरं सांगतो, पहिला विचार माझ्या सहीचा आला. बोललो तर खोटा दाखला दिल्याचं आपणहून कबूल केलं असं होणार, चौकशी लागणार, आणि तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गप्प राहिलो तर कुणाला कळणार होतं? आयाळ मी पुसलीच होती. क्षय ठरेल, हा लांबच्या पिंजऱ्यात जाईल, मी घरी जाईन. हे मनात आलं आणि मला माझीच शिसारी आली. एवढ्यात लक्षात आलं, की पुसली ती वरवर. केसांच्या मुळाशी शेंदूर तसाच आहे. जर तपासणीत क्षय निघाला नाही आणि त्याला माद्यांच्या जाळीपाशी आणलं, तर त्या त्याचं अंग निवडणार. उवा काढल्यासारखं एकेक केस उलगडून, जे सापडेल ते तोंडात घालणार. तान्ह्याला पाजणारी लेकुरवाळीसुद्धा.

मी उठलो आणि तडक मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, क्षय नाही. शेंदूर आहे. लाल शिसं. दर शनिवारी लोकांनी लावला, मी लावू दिला, आणि निघताना शेवटचा मी लावला."

त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं मारतात आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आणि दाखल्यावर सही?"

"माझीच."

"तुम्हाला माहीत होतं, यात शिसं असतं?"

"परीक्षेपुरतं माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी मला दोन मिनिटं जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मग एकदम खुर्चीत बसल्या, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाल्या, "देवा, क्षय नाही." आणि लगेच, "उभे काय राहिलात? चला, एक्स-रे काढायचाय."

नऊ दिवस

एक्स-रेत आतड्यात पांढरे ठिपके दिसले, चांदण्यांसारखे. माझ्या तालुक्याची सगळी भक्ती त्या फिल्मवर उमटलेली.

पुढचे नऊ दिवस मी तिथंच राहिलो. कार्यालयाला तार केली आणि खरं कारण लिहिलं. रंगनाथला जीप घेऊन परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "डाक्टर, मी सांगितलं आसतं ना, तर गावात कुनी तोंड नाय उघडलं आसतं. तुमी कशाला बोलले?" मी म्हटलं, "माकडाला बोलता येत नाही म्हणून." त्याला ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यानं कधी नव्हे ते वाकून नमस्कार केला.

शिसं अंगातून ओढून काढणारी इंजेक्शनं असतात, ती दिवसातून दोनदा. पोट साफ करायला एनिमा. आता एनिमा म्हटलं की माझं राज्य. मॅडमचे दोन शिकाऊ डॉक्टर होते, पदव्या मोठ्या, पण हात आखडायचे. मी म्हटलं, सरका. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेला माणूस आहे मी. तीन दिवसांत पोट मोकळं झालं. चौथ्या दिवसापासून एनिमाच्या वेळी मॅडम मलाच बोलवायला लागल्या.

आणि त्याची आयाळ काढली. सगळी, मुळापासून, वस्तऱ्यानं. छातीचे केसही. सत्तारभाईंनी केस गोळा करून कागदात गुंडाळून खोल पुरले. भुलीतून उठल्यावर त्यानं डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि माझ्याकडं बघून सलाम ठोकला. मला रडूच आलं. एवढं सगळं करून वर तू मलाच सलाम करतोस, गाढवा!

आठव्या दिवशी त्यानं फणसाचा गरा खाल्ला. नवव्या दिवशी मी त्याची बोटं अर्धा तास बघत बसलो. स्थिर होती. मॅडमनी माझ्या पोळीच्या डब्याकडं बघून विचारलं, "ऊटा आयिता?" त्या नऊ दिवसांत त्यांनी मला विचारलेली कामाबाहेरची पहिली गोष्ट ती.

परत आल्यावर चौकशी झाली, ताकीद मिळाली, एक वेतनवाढ गेली. शनिवारी लोक जमले तेव्हा पारावर उभं राहून सगळं सांगितलं. पहिल्यांदा वाटी घेऊन आलेली आजी तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी म्हटलं, आजी, तुम्ही भक्ती केली, चूक माझी, डॉक्टर मी होतो. त्या दिवसापासून मी स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नाही. लोक म्हणतातच.

दुसरी खेप

श्रावण सरता सरता मॅडमचं पत्र आलं. शिसं उतरलं, सगळ्या तपासण्या साफ, पण नवरदेव जाळीपाशी आणून बारा दिवस झाले आणि गाडी अडली. माणसात वाढलेला. माकडांची बोली याला येतच नाही. जी मादी जवळ येते तिला हा सलाम करतो. ती गोंधळून निघून जाते. दारं उघडून एक शेवटचा प्रयत्न करणार, जमलं नाही तर कायमचा वेगळा ठेवावा लागेल. शेवटी लिहिलं होतं, यायचं तर या. झापाच्या आड उभं राहायचं. आवाज करायचा नाही.

रजा टाकली, एसटी गाठली आणि गेलो. या खेपेला दाखला नाही, सही नाही, नारळ नाही.

सकाळी सत्तारभाईंनी मला झापामागं उभं केलं. झापाला डोळ्याएवढी फट. आत मोठं आवार, खरी झाडं. नवरदेव एका ओंडक्यावर बसलेला, आयाळ बोटभर वाढलेली, मुंज झालेल्या बटूसारखा. वर फांदीवर आजी आणि तिचं खटलं. सत्तारभाईंनी साखळी ओढली, मधलं दार वर गेलं.

कुणी हललं नाही.

मग वारा फिरला असावा. नवरदेवानं नाक वर केलं, एकदम उठला आणि धावत सरळ माझ्या झापाशी आला. त्यानं मला ओळखलं होतं. फटीसमोर बसला आणि बघत राहिला. आमच्यात हातभर अंतर. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. घशात हाक आली होती हो! सिन्नरला मी त्याला "काय पाव्हणं" म्हणायचो, तेच ओठावर आलं. सत्तारभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. "नक्को," नुसत्या ओठांनी.

मी श्वास रोखून उभा राहिलो. त्यानं बोटं झापात घातली, बांबूची एक कांबट ओढून बघितली. मी हललो नाही. आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी राहिलेलो नाही. जीव तुटत होता. त्याला वाटत असणार, हा माणूस इथं आहे आणि मला हाक का मारत नाही?

कुणीतरी फांदीवरून खाली उतरलं. धाकटी नात, अंगानं लहान, चालीनं बेधडक. ती पाठीमागून आली, थांबली, ओठांचा मुचमुच आवाज केला. त्याचं लक्षच नाही. ती आणखी जवळ आली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो ताठ झाला. तिनं एक केस उलगडला, मग दुसरा, काहीतरी काढून तोंडात घातलं आणि पुन्हा निवडू लागली. निर्धास्त. माझ्या छातीत धस्स झालं, आणि मग आठवलं, आता तिथं काही नाही. मुळापासून काही नाही.

तो बराच वेळ तसाच बसला, तोंड माझ्याकडं. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. ओठ हलायला लागले. आधी नुसतेच, मग आवाजासकट, चुकतमाकत, तिच्यासारखा मुचमुच. आणि त्यानं माझ्याकडं पाठ फिरवली.

झापाच्या फटीतून मला आता नुसती त्याची काळी पाठ दिसत होती, आणि तिची बोटं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही, हालचाल होईल म्हणून.

सत्तारभाईंनी माझं मनगट सोडलं. कानाशी येऊन म्हणाले, "अब जाओ साब. अब तुम नक्को उसकू."

"हौ," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, आणि पावलांचा आवाज न करता तिथून निघालो.